सिंहासन आणि न्यायासन : मल्हारराव गायकवाडांची चौकशी

जानेवारी १८७५ च्या दुसऱ्या आठवड्यात हिंदुस्थान सरकारने एक जाहीरनामा काढला. बडोद्याचे अधिपती मल्हारराव गायकवाड यांनी आपल्या दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न करविला, असा त्यांच्यावर संशय आहे. त्याची चौकशी होईपर्यंत राज्याचा कारभार राणीच्या वतीने सरकार पाहील, असा त्या जाहीरनाम्याचा आशय होता. महाराजांना अटक झाली. सुमारे सहा आठवड्यांनी एक कमिशन बडोद्यास येऊन बसले आणि गादीचा धनी आरोपी म्हणून त्याच्यासमोर आला. साक्षीदार, उलटतपासणी, दोन्ही बाजूंचे बॅरिस्टर, लेखी अभिप्राय असा न्यायालयाचा सारा सरंजाम तेथे होता. हे न्यायासन कोणत्या कायद्याने मांडले गेले, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर नव्हते.

राज्य करीत असलेल्या राजावर कायद्याने खटला चालू शकतो काय, हा राजनीतीतील फार जुना प्रश्न आहे. ज्या सत्तेच्या नावाने न्यायालये बसतात, त्या सत्तेलाच न्यायालयात बोलवावयाचे तर बोलावणे कोणाच्या नावाने काढावयाचे? आणि ते काढता येत नसेल, तर राजाच्या हातून पीडा झालेल्या माणसाने दाद कोठे मागावयाची? बडोद्याच्या प्रकरणात हा प्रश्न ग्रंथांतून उतरून एका जिवंत राजापुढे, त्याच्या हजारो रयतेपुढे आणि एका साम्राज्यापुढे उभा राहिला. त्याचे जे उत्तर निघाले, ते ज्यांनी चौकशी मांडली त्यांच्याही अपेक्षेप्रमाणे नव्हते.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदत आली. शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञाचे वर्णन आहे. त्यात अध्वर्यू आणि त्याचे सहकारी यज्ञीय वृक्षाच्या काठ्यांनी राजाच्या पाठीवर मुकाट्याने प्रहार करतात. या विधीने राजा दंडाच्या पलीकडे जातो, अदंड्य होतो, असे तेथे सांगितले आहे. राजाला जो एकदाच मार बसावयाचा तो अभिषेकाच्या वेळी बसून गेला. पुढे त्याच्यावर दंड उगारणारा कोणी नाही. मनुस्मृतीत मात्र याच्या उलट वाटावा असा नियम सापडतो. ज्या अपराधास सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला सहस्र कार्षापण दंड करावा, असे ती सांगते. हा दंड घ्यावयाचा कोणी, ही अडचण शास्त्रकारांच्याही ध्यानात आली होती. राजांवर दंड धारण करणारा वरुण आहे, म्हणून अशा प्रसंगी द्रव्य पाण्यात वरुणाला अर्पण करावे किंवा ब्राह्मणांना द्यावे, अशी तोड त्यांनी काढली. कौटिल्यानेही अदंड्यास दंड करणाऱ्या राजाला तीसपट दंड सांगून तो वरुणासाठी पाण्यात ठेवावयास लावला आहे. अपराध मान्य, दंडही मान्य. परंतु वसूल करणारा अधिकारी पृथ्वीवर नाही, असा या व्यवस्थेचा अर्थ होतो. राजाने स्वतःच स्वतःला शिक्षा करावी, एवढाच मार्ग तिने मोकळा ठेवला.

मराठ्यांच्या इतिहासात ही अडचण एकदा फार तीव्रतेने जाणवली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि थोड्याच काळात राघोबादादांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पेशवा हा शास्त्रतः छत्रपतींचा प्रधान. पण प्रत्यक्ष राज्यसत्ता त्याच्याच हाती होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा छडा लावून राघोबादादांना दोषी ठरविले, या पातकास देहांत प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. येथे शब्दयोजना अर्थपूर्ण आहे. शास्त्रीबोवांनी सांगितले ते प्रायश्चित्त, म्हणजे अपराध्याने आपण होऊन घ्यावयाची शिक्षा. ती देवविणारे बळ न्यायाधीशाजवळ नव्हते. राघोबांना सत्तेवरून दूर करण्याचे काम पुढे बारभाईंनी केले आणि ते फौजा व मसलती यांच्या जोरावर केले. निर्णय न्यायाने दिला, अंमलबजावणी राजकारणाने केली. सुमारे शंभर वर्षांनी बडोद्यास याच्या नेमके उलट घडावयाचे होते.

ज्यांनी बडोद्याचे कमिशन नेमले त्या इंग्रजांच्या परंपरेतही हाच पेच होता. राजाच्या हातून अन्याय घडू शकत नाही, हे इंग्लंडच्या विधीचे जुने सूत्र. न्यायालये राजाची, हुकूमनामे राजाच्या नावाचे, म्हणून राजाविरुद्ध हुकूमनामा निघणे अशक्य. ज्याला राजसत्तेविरुद्ध दाद मागावयाची असेल त्याने राजाकडेच विनंतीअर्ज करावा, ही तेथील रीत होती. तरीही १६४९ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्सवर खटला झाला. लॉर्डांच्या सभेने संमती नाकारली, तेव्हा कॉमन्स सभेने एकटीनेच कायदा करून १३५ जणांचे न्यायमंडळ नेमले. २० जानेवारीस वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये जॉन ब्रॅडशॉ यांच्या अध्यक्षतेखाली सुनावणी सुरू झाली. चार्ल्सने आरोपाला उत्तरच दिले नाही. आपणास येथे कोणत्या अधिकाराने आणले आहे, एवढेच तो पुनःपुन्हा विचारीत राहिला. २७ तारखेस शिक्षा सुनावली गेली आणि ३० जानेवारीस त्याचा शिरच्छेद झाला. मृत्युपत्रकावर ५९ जणांच्या सह्या होत्या. १६६० मध्ये राजसत्ता परत आली, तेव्हा ज्यांनी राजाचा न्याय केला होता त्यांच्यापैकी हाती लागलेल्यांवर राजद्रोहाचे खटले झाले. राजाविरुद्ध फिर्यादीचे काम चालविणारे वकील जॉन कुक यांना देहदंड मिळाला. अकरा वर्षांत न्यायाधीश आरोपी झाले होते. चार्ल्सच्या प्रश्नाला उत्तर असे मिळालेच नाही. ज्याच्या हाती सत्ता त्याचे उत्तर तेवढ्यापुरते खरे ठरले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे बडोद्यातील घटनांचे वैचित्र्य कळते. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव गायकवाड निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव त्या वेळी पादऱ्यास कैदेत होते. थोरल्या भावाच्या जिवावर उठल्याचा आळ त्यांच्यावर होता. खंडेरावांना औरस पुत्र नसल्यामुळे कैदखान्यातून निघून ते गादीवर आले. विधवा राणी जमनाबाई गरोदर होत्या. पुत्र झाला असता तर गादी त्याची झाली असती. परंतु १८७१ मध्ये कन्या झाली आणि मल्हाररावांचे आसन पक्के झाले. ज्यांनी आपणास कैदेत ठेवले त्यांचा सूड घेण्याची वृत्ती त्यांच्या कारभारात आरंभापासून दिसते. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात मरण पावले आणि तो मृत्यू नैसर्गिक नव्हता अशी वदंता पसरली. खंडेरावांच्या आश्रितांच्या जमिनी व नेमणुका गेल्या, सावकारांच्या पेढ्यांवर हात पडला, शेतसाऱ्याचे आणि नजराण्याचे ओझे वाढले. बायकांना बळाने वाड्यात नेऊन लौंड्या म्हणून ठेवल्याच्या तक्रारीही झाल्या.

१८७३ च्या मार्चमध्ये कर्नल फेअर रेसिडेंट म्हणून आले आणि या तक्रारींना कान मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नल रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसले. त्याच्यासमोर पाटील, कुणबी, सरदार, शिलेदार, सावकार आपापली गाऱ्हाणी घेऊन आले. १८७४ मध्ये त्याचा अहवाल सादर झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत कारभार सुधारावा, नाही तर पुढील उपाय योजिले जातील, अशी ती ताकीद होती. या सुधारणेसाठी महाराजांनी दिवाण म्हणून दादाभाई नौरोजींना आणले होते. ही नेमणूक फेअर यांना रुचली नाही. राजा आणि रेसिडेंट यांच्यातील वैर इतके वाढले की, २ नोव्हेंबर १८७४ च्या खलित्याने महाराजांनी फेअर यांना परत बोलवावे अशी व्हाइसरॉयकडे मागणी केली.

त्यानंतर आठवड्याच्या आत, ९ नोव्हेंबरला, विषाचे प्रकरण घडले. सकाळी फिरून आल्यावर फेअर पपनसाच्या रसाचे सरबत घेत असत. त्या दिवशी दोनचार घोट घेताच त्यांना मळमळले आणि उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले. पेल्याच्या तळाशी काळसर गाळ राहिला होता. तो रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तपासला, मग मुंबईस रासायनिक परीक्षणासाठी गेला, आणि त्यात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. योगायोग असा की, फेअर यांच्याविरुद्धचा खलिता तोवर कलकत्त्यास पोचला होता आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना बडोद्यातून काढून सर लुई पेली यांची नेमणूक केली. ज्याचा काटा काढल्याचा आरोप, तो माणूस महाराजांच्या अर्जानेच दूर होण्याच्या मार्गावर होता, हा मुद्दा पुढे बचावपक्षाच्या फार उपयोगी पडला.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासासाठी आले. रेसिडेन्सीतील पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी, जमादार नरसू आणि आया अमिना यांचे जबाब झाले. आपण महाराजांकडे चोरून जात होतो, पैसे घेत होतो आणि शेवटी विषाच्या पुड्याही घेतल्या, असे रावजी व नरसू यांनी सांगितले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनीही माफीच्या आश्वासनावर सोमल आणि हिरे मिळविल्याची हकीगत सांगितली. या तपासाच्या ओघातच महाराजांना पकडण्यात आले.

आता खरा पेच उभा राहिला. हिंदी दंडसंहिता १८६० ची. पण ती ब्रिटिश हिंदुस्थानापुरती. बडोदे संस्थान ब्रिटिश मुलखात मोडत नव्हते आणि गायकवाड हे राणीचे प्रजाजन नव्हते. कंपनीशी त्यांचे नाते १८०२, १८०५ आणि १८१७ च्या तहांनी ठरलेले होते. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने राणीने हे तह पाळण्याचे आणि संस्थानिकांचे हक्क व मानमरातब जपण्याचे वचन दिले होते. मग हायकोर्टाला अधिकार नाही, दंडसंहिता लागू नाही, आणि संस्थानच्या न्यायालयांचा मुख्य तर स्वतः आरोपीच. सतरा वर्षांपूर्वी दिल्लीच्या लाल किल्ल्यात बहादूरशहा जफर यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांना कंपनीचा वेतनभोगी आणि म्हणून ब्रिटिश प्रजाजन ठरवून लष्करी कमिशनपुढे आणता आले होते. तो मार्ग येथे बंद होता.

सरकारने तोड काढली ती दुपेडी होती. प्रथम महाराजांचे अधिकार तहकूब केले. म्हणजे चौकशीच्या काळात ते नावाचे राजे राहिले. दुसरे असे की, कमिशनला शिक्षा देण्याचा अधिकार दिलाच नाही. त्याने चौकशी करावी आणि अभिप्राय कळवावा, निर्णय सरकार घेईल, असे ठरले. आरोप चार होते : रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधणे, त्यांना लाच देणे, त्यांच्याकरवी हेरगिरी करविण्याचा व फेअर यांना विष देवविण्याचा हेतू धरणे, आणि प्रत्यक्ष विषप्रयोग करविणे. अशा रीतीने खटल्याचे सर्व रूप घेतलेली, परंतु खटला नव्हे अशी एक वस्तू निर्माण झाली.

तरीही त्या रूपाला वजन यावे म्हणून सरकारने सभासदांची निवड काळजीपूर्वक केली. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. त्यांच्याबरोबर मीड आणि पी. एस. मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी. आणि हिंदी सभासद तीन : ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज सवाई रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. राजाचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनी करावा, ही कल्पना इंग्रजी परंपरेत जुनीच होती. संस्थानिकांच्या मनात भीती उत्पन्न होऊ नये, हाही हेतू उघड आहे. तीन आणि तीन अशी समान विभागणी करताना ती समसमान फुटेल, हा विचार कोणी केला असल्याचे दिसत नाही.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी काम सुरू झाले. सरकारच्या बाजूने मुंबईचे ॲडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल उभे राहिले. महाराजांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट विल्यम बॅलंटाइन आले. फौजदारी खटल्यांतील उलटतपासणीबद्दल त्यांचा तिकडे मोठा लौकिक होता. त्यांनी हल्ला चढविला तो मुख्य साक्षीदारांच्या विश्वसनीयतेवर. रावजी, नरसू आणि दामोदरपंत हे तिघेही आपल्याच सांगण्याप्रमाणे गुन्ह्यातील साथीदार. माफीच्या आशेने बोलणाऱ्या साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र आधार लागतो, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नुकतेच ग्रथित झाले होते. हे जबाब पोलिसांच्या ताब्यात असताना झाले, एकाचे ऐकून दुसऱ्याने आपली हकीगत जुळविली, आणि महाराजांच्या दप्तरातला एकही कागद त्यांना गुन्ह्याशी सरळ जोडीत नाही, असा बचावाचा रोख होता. स्वतः फेअर यांनाही उलटतपासणीस तोंड द्यावे लागले. महाराजांनी साक्ष दिली नाही. आरोप नाकारणारे लेखी निवेदन मात्र सादर केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारने कायद्याचे केवळ रूप आणले होते; पण रूप आले म्हणजे त्याचे नियमही येतात. एकदा साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे केले की त्याला उलट प्रश्न विचारता येतो. एकदा पुराव्याची भाषा स्वीकारली की संशयाचा फायदा कोणाला, हा प्रश्न टाळता येत नाही. बॅलंटाइन यांचे प्रश्न मुंबई व कलकत्त्याच्या वृत्तपत्रांतून सर्वत्र वाचले गेले आणि आरोपी राजा आहे, यापेक्षा आरोप सिद्ध झाला काय, याची चर्चा लोकांत सुरू झाली.

मार्चअखेर अभिप्राय आले. काउच, मीड आणि मेलव्हिल यांच्या मते महाराजांच्या चिथावणीने विषप्रयोगाचा यत्न झाला, हे सिद्ध झाले होते. जयाजीराव शिंद्यांनी आरोप शाबीत होत नाही असे मत दिले. जयपूरच्या महाराजांना गायकवाडांचा या कृत्यात हात असल्याचे पटले नाही. दिनकररावांनी नोकरांशी संधान ठेवल्याचे किरकोळ आरोप आणि विषाचा गंभीर आरोप यांत भेद केला व दुसरा सिद्ध मानला नाही. या विभागणीकडे वंशाच्या बाजूने पाहणे सोपे आहे आणि त्या काळी दोन्हीकडच्यांनी तसेच पाहिले. परंतु दिनकरराव हे कोणाचे आंधळे पक्षपाती नव्हते. १८५७ च्या धामधुमीत ते इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे राहिलेले दिवाण, आणि संस्थानी कारभाराचे दोष त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असतील. त्यांनी केलेला भेद हा पुराव्याचा भेद होता. एखादा माणूस वाईट राज्यकर्ता असेल, म्हणून तो विष घालणारा ठरत नाही.

कलकत्त्याचे सरकार अडचणीत आले. इंग्रज सभासदांचे मत ग्राह्य धरून महाराजांना दोषी ठरवावे, असा नॉर्थब्रुक यांचा कल होता. लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड सॉल्झबरी यांना ते मान्य नव्हते. आपणच नेमलेल्या हिंदी सभासदांची मते बाजूला सारून केवळ इंग्रजांच्या मतावर राजाला अपराधी ठरविणे म्हणजे चौकशीचा सारा देखावा उघडा पाडणे होते. अखेर १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले आणि त्याच जाहीरनाम्यात असे स्पष्ट म्हटले गेले की, हा निर्णय कमिशनच्या चौकशीवर आधारलेला नाही आणि त्यात आरोप सिद्ध झाले असेही गृहीत धरलेले नाही. कारण दिले ते महाराजांचे सर्वश्रुत दुर्वर्तन, राज्याचा घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची त्यांची अक्षमता. त्यांच्या संततीचाही हक्क रद्द झाला. महाराजांना मद्रासला पाठविण्यात आले आणि तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गायकवाड घराण्यातील गोपाळराव या मुलाला मे १८७५ मध्ये दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले.

या शेवटाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. गैरकारभार सुधारण्यासाठी दिलेली मुदत डिसेंबरपर्यंत होती. ती संपण्यास आठ महिने उरले असताना त्याच कारणासाठी महाराज गेले. ज्या आरोपाची चौकशी झाली, त्यावरून शिक्षा झाली नाही. आणि ज्या कारणावरून शिक्षा झाली, त्याची त्या चौकशीत सुनावणीच नव्हती. रामशास्त्र्यांच्या वेळी न्यायाने निर्णय दिला आणि त्याला बळ नव्हते. बडोद्यास बळ होते, पण त्याला हवा तो निर्णय न्यायाकडून मिळाला नाही. तेव्हा बळाने न्यायाचा हात सोडला आणि ते आपल्या नावाने बोलू लागले. या निर्णयावर अपील कोठेही नव्हते. सार्वभौम सत्तेने संस्थानिकाशी केलेला व्यवहार हे राजकृत्य असून ते कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, हा त्या काळचा मान्य सिद्धान्त होता.

म्हणजे न्यायालयात उभे केले गेले ते खरोखर राजाला काय, असा प्रश्न उरतो. लंडनमध्ये चार्ल्सचे राजेपण नाकारले गेले, दिल्लीत बहादूरशहांना प्रजाजन ठरविले गेले, बडोद्यात अधिकार आधी तहकूब झाले. राजावर खटला चालण्यापूर्वी कोणीतरी त्याचे राजेपण उतरवून ठेवावे लागते आणि ते उतरविण्याचे काम कोणताही कायदा करीत नाही. ते ज्याला करता येते तोच तेथील खरा सार्वभौम. बडोद्याच्या चौकशीने मल्हारराव दोषी की निर्दोष हे ठरविले नाही. गायकवाड सार्वभौम नाहीत, एवढे मात्र निःसंशय ठरविले. १८९१ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हेच अधिक उघडपणे आणि अधिक क्रूरपणे घडले. राज्य करीत असलेले कुलचंद्र आणि सेनापती टिकेंद्रजित यांच्यावर राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवण्यात आला. मणिपूर स्वतंत्र असल्याने तेथील राजा राणीचा द्रोही ठरत नाही, हा बचाव फेटाळला गेला. टिकेंद्रजित यांना १३ ऑगस्टला फाशी झाली, कुलचंद्र काळ्या पाण्यावर गेले. आणि राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याची तत्त्वे संस्थानांशी असलेल्या संबंधांस लागू नाहीत, असे सरकारने जाहीर केले.

विरोधाभास असा की, याच काळात इंग्लंडची न्यायालये संस्थानी राजांना पूर्ण राजे मानीत होती. १८९४ मध्ये जोहोरच्या सुलतानावर लग्नाचे वचन मोडल्याचा दावा आला, तो सार्वभौम राजा असल्याच्या कारणावरून चालू शकला नाही. पुढे १९११-१२ मध्ये एका घटस्फोटाच्या अर्जात खुद्द बडोद्याच्या महाराजांचे, म्हणजे सयाजीरावांचे, नाव आले, तेव्हा तेथील न्यायालयाने राज्यकर्त्या संस्थानिकावर आपला अधिकार चालत नाही असे ठरविले. गादी तीच. सरकारपुढे ती निराधार होती आणि खासगी फिर्यादीपुढे अभेद्य. राजाचे कवच त्याच्या प्रजेपासून आणि तिऱ्हाइतापासून त्याचे रक्षण करी. ज्याने ते बहाल केले त्याच्यापासून मात्र करीत नसे.

बडोद्याचा धडा सरकार विसरले नाही. १९२० मध्ये संस्थानिकांच्या गैरवर्तनाच्या चौकशीसाठी कमिशन नेमण्याची रीत ठरावाने घालून देण्यात आली. तिचा प्रत्यक्ष उपयोग कसा झाला, ते इंदूरच्या प्रकरणात दिसते. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला आणि तपासाचे धागे इंदूरपर्यंत पोचले. प्रत्यक्ष हल्लेखोरांवर मुंबईच्या हायकोर्टात खटला होऊन शिक्षा झाल्या. महाराज तुकोजीराव होळकरांपुढे मात्र चौकशीचे कमिशन किंवा राज्यत्याग असे दोन मार्ग ठेवण्यात आले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्यांचा काही दोष होता की नव्हता, हे कोणत्याही न्यायासनापुढे कधी तपासलेच गेले नाही. हाताखालच्यांना कायदा लागला आणि धन्याचा प्रश्न राजकारणाने मिटविला.

बडोद्याच्या घटनांचे पडसाद साहित्यातही उमटले. मराठीत नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. दूर कलकत्त्यात अमृतलाल बसू यांनी 'हीरकचूर्ण' हे नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आणले. बंगालच्या प्रेक्षकाला गायकवाडांच्या कारभाराशी काही कर्तव्य नव्हते. ज्याचा गुन्हा शाबीत झाला नाही त्याची गादी गेली, ही गोष्ट त्याला समजली आणि ती त्याला आपली वाटली. १८७६ मध्ये सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण घालणारा कायदा केला.

या सहानुभूतीत एक पक्ष मात्र विसरला गेला. १८७३ च्या कमिशनपुढे जे पाटील, कुणबी आणि बलुतेदार आले होते, ज्यांच्या बायका वाड्यात ओढून नेल्याच्या तक्रारी होत्या, त्यांची कैफियत एका साहेबाच्या सरबताच्या पेल्याखाली झाकली गेली. विषाच्या आरोपाला बॅरिस्टर, उलटतपासणी आणि सरन्यायाधीश मिळाले. रयतेच्या गाऱ्हाण्यांना अहवालाची पाने मिळाली आणि पुढे गरज पडली तेव्हा पदच्युतीचे कारण म्हणून ती वापरली गेली. सर टी. माधवराव आणि नंतर सयाजीराव यांच्या कारभारात बडोद्याची रयत सुखावली, हे खरे. ते सुख तिला चांगल्या राज्यकर्त्याच्या रूपाने लाभले, हक्काने मिळाले नाही. राजाने आपणावर केलेल्या अन्यायाचा निवाडा मागण्याचा अधिकार तिला १८७३ मध्ये नव्हता आणि १८७५ नंतरही नव्हता.

हा अधिकार येण्यास राजाच नाहीसा व्हावा लागला. भारतीय संविधानाच्या ३६१ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपती व राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई करता येत नाही. वरवर पाहता हे त्या जुन्या अदंड्यतेचेच अवशेष वाटतात. पण त्यांत एक मूलभूत फरक आहे. हे संरक्षण पदाच्या मुदतीपुरते आहे आणि मुदत संपते. संविधानभंगासाठी राष्ट्रपतींवर संसदेत महाभियोग चालविण्याची तरतूद ६१ व्या अनुच्छेदात आधीच लिहून ठेवलेली आहे. पद उतरविणारा हात कोणाचा आणि तो कोणत्या रीतीने पुढे यावा, हे येथे कायदाच सांगतो. संस्थानिकांच्या उरलेल्या विशेष मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपले. १९९८ मध्ये रोम येथे झालेल्या करारानेही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे राष्ट्रप्रमुखपदाची सबब चालणार नाही असे ठरविले आहे. परंतु आरोपीला तेथपर्यंत आणावयाचे कोणी, हा शास्त्रकारांना पडलेला प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

सहस्र कार्षापणांचा दंड वरुणाला अर्पण करावयास सांगणाऱ्यांनी निदान एवढे मान्य केले होते की, राजाचा अपराध हा अपराधच आहे आणि तो सामान्याच्या अपराधाहून मोठा आहे. बडोद्याच्या कमिशनने, आपल्या इच्छेविरुद्ध का होईना, त्यात दुसरी अर्धी गोष्ट मिळविली : आरोपी राजा असला तरी अपराध पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो. सामर्थ्यवंताला न्यायाच्या कक्षेत आणणे आणि आणल्यावर त्याला न्याय देणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मल्हाररावांच्या रयतेला मिळाली नाही, दुसरी मल्हाररावांना. त्या दोन्ही एकाच न्यायासनापुढे, एकाच कायद्याने मिळाव्यात, हीच त्या प्रकरणाने मागे ठेवलेली मागणी आहे.